शेवटच्या कडव्यातले नाव

१९८३ सालच्या भीमजयंतीची रात्र. आमच्या तालुक्याच्या गावी, वस्तीच्या चौकात, दोन बैलगाड्या जोडून त्यांवर फळ्या टाकल्या होत्या आणि त्या मंचावर परगावची गायन पार्टी बसली होती. पेटी, ढोलक, बेंजो आणि मागे झील धरायला तिघे. रात्री दोनच्या सुमारास गायकाने एक गाणे धरले. चाल एका गाजलेल्या हिंदी चित्रपटगीताची, शब्द बाबासाहेबांवरचे. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव आले तेव्हा गायकाने ते तीनदा घोळवले. पेंगणारी माणसे उठून बसली. नोटा यायला लागल्या. पाच रुपये, अकरा रुपये, एकाने तर एकवीस दिले. देणाऱ्याचे नाव दर वेळी लाउडस्पीकरवरून पुकारले जात होते. आणि ज्याचे नाव शेवटच्या कडव्यात होते तो माणूस मंडपाच्या कडेला पोत्यावर बसून ऐकत होता. दिवसा तो बाजारपेठेत हमाली करी. गाणे संपल्यावर पार्टीप्रमुख खाली उतरला, त्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुमच्या गाण्यानं आजची रात्र राखली." काकांना चहा मिळाला.

मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. त्या प्रसंगात काही वावगे घडले असे मला वाटले नाही. काकांनाही वाटले नसावे, कारण ते खूष होते. आज इतक्या वर्षांनी पार्टीप्रमुखाला दोष द्यावा असेही नाही. त्या बिदागीतून टेम्पोचे भाडे, ढोलकवाल्याची रोजी, बेंजोवाल्याची रोजी, वाटेतले जेवण, आणि उरले तर घर. तो काकांइतकाच गरीब होता. तरी एक प्रश्न राहतोच. गाणाऱ्याला बिदागी मिळते, मंडपवाल्याला भाडे मिळते, लाउडस्पीकरवाला तर पैसे आगाऊ मागतो. मग ज्याने गाणे रचले त्याचे श्रम कोणत्या खात्यावर मांडायचे? पाया पडणे हा आदर झाला. आदराने पोट भरत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

बिदागी हा शब्द आपण सहज वापरतो. तमाशाच्या फडात उचल असते, दौलतजादा असते, सुपारी असते. जलशात बक्षीस असते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: देणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. आवडले तर दिले, न आवडले तर नाही. आणि जे दिले जाते ते समोर उभे राहून गाणाऱ्याला, नाचणाऱ्याला. रचना करणारा समोर नसेल तर तो हिशेबातच नाही. ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. गावकीची कामे करून दारोदार बलुते मागत फिरणारा महार हक्काने फिरत होता असे कागदावर म्हटले जाई; प्रत्यक्षात पाटलाची मर्जी फिरली की खळ्यावरून रिकामे परतावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे बिल मांडले. त्यांचा मुद्दा साधा होता. काम सरकारचे, तर मोबदला सरकारने रोख आणि ठरलेला द्यावा. तो रयतेच्या दयेवर सोडू नये. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. शाहिराचे बलुते मात्र चालूच राहिले, कारण ते बलुते आहे हे कुणी म्हटलेच नाही.

गीतरचनेचे बलुते जाऊन हक्क कसा आला, याला जगात इतिहास आहे. त्याची सुरुवात पॅरिसमध्ये साखरपाण्याच्या एका पेल्यापासून झाली. १७९१ च्या क्रांतिकारक कायद्याने फ्रान्समध्ये नाटककाराला प्रयोगाचा हक्क दिला होता. त्याच्या परवानगीशिवाय नाटक करता येत नसे. गाण्याला तो लागू आहे हे मात्र कुणाच्या गावी नव्हते. १८४७ साली एर्नेस्त बुर्जे हा गीतकार आपल्या संगीतकार मित्रांबरोबर शांझेलिझेवरच्या 'लेझांबासादर' या कॅफेत बसला होता. कॅफेतला वाद्यवृंद त्यांच्याच रचना वाजवीत होता. बिल आले तेव्हा बुर्जेने पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही माझे गाणे फुकट वापरता, मी तुमचे साखरपाणी फुकट पितो, फिटंफाट झाली. प्रकरण कोर्टात गेले, न्यायालयाने बुर्जेच्या बाजूने निकाल दिला, आणि कॅफेमालकाला नुकसानभरपाई द्यावी लागली. पण एकटा गीतकार शहरातल्या शेकडो कॅफेंवर पाळत ठेवणार कशी? म्हणून १८५१ मध्ये गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांनी मिळून 'सासेम' ही संस्था काढली. ती सर्वांच्या वतीने वसुली करी आणि ज्याची रचना वाजली त्याला वाटा देई. सार्वजनिक गायनावरील रॉयल्टीची जगातली सगळी यंत्रणा या एका कल्पनेवर उभी आहे. त्यात गाणाऱ्याने गीतकाराला पैसे द्यायचे नसतात. ज्याचा गल्ला गाण्यामुळे भरतो त्या जागामालकाने किंवा आयोजकाने परवाना घ्यायचा असतो, आणि काय गायले गेले याची यादी संस्थेकडे द्यायची असते.

हे नीट लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे रॉयल्टीचा विषय काढला की पहिली भीती असते ती गरीब गायन पार्टीच्या खिशाची. ती भीती अगदीच निराधार आहे असे नाही, आणि त्यासाठी इंग्लंडचा दाखला पुरे. तिथे गाण्याच्या सार्वजनिक प्रयोगाचा हक्क १८४२ च्या कायद्याने आला. जुन्या नाट्यकायद्याप्रमाणे विनापरवाना प्रयोगाला किमान चाळीस शिलिंग दंड होता. १८७० नंतरच्या दशकात हॅरी वॉल नावाच्या गृहस्थाने जुन्या गाण्यांचे हक्क गोळा केले आणि खेड्यापाड्यांतल्या धर्मादाय मैफलींत, मजुरांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत गाणाऱ्यांना चाळीस-चाळीस शिलिंगांच्या नोटिसा धाडण्याचा धंदाच मांडला. ज्या बाईने दवाखान्याच्या मदतीसाठी दोन गाणी म्हटली तिलाही नोटीस! एवढा संताप झाला की पार्लमेंटला १८८२ आणि १८८८ असे दोनदा कायदे करावे लागले. पहिल्याने, प्रयोगाचा हक्क राखून ठेवला असेल तर तसे गाण्याच्या छापील प्रतीवर नमूद करणे सक्तीचे केले. दुसऱ्याने किमान दंडाची अट काढून रक्कम न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली. गीतकारांची रीतसर संस्था तिथे उभी राहायला १९१४ साल उजाडले. हक्क वसूल करणारा हात कुणाचा आहे आणि तो कुणाच्या खिशात जातो, हे हक्काइतकेच महत्त्वाचे आहे, हे इंग्रज मजुराला आपल्या आधी शंभर वर्षे समजले.

न्यूयॉर्कमध्येही १९१४ मध्येच 'ॲस्कॅप' ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांपैकी व्हिक्टर हर्बर्ट या संगीतकाराने शॅनली नावाच्या रेस्टॉरंटवर खटला भरला. मालकाचे म्हणणे, आम्ही गाण्याचे तिकीट लावत नाही, लोक जेवणाचे पैसे देतात. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती होम्स यांच्या लेखणीतून, हे म्हणणे फेटाळले. गाणे फुकट असते तर मालकाने ते ठेवलेच नसते. गिऱ्हाईक जे एकूण पैसे देते त्यांत गाण्याचाही वाटा आहे, असा त्याचा आशय. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे जयंतीच्या मंचावर आज जे आमदार, बिल्डर आणि नगरसेवक फलक लावून बसतात त्यांना 'कार्यक्रम तर मोफत होता' असे म्हणण्याची सोय तो ठेवत नाही.

पण अमेरिकेचा इतिहास आपल्याला दुसऱ्या कारणासाठी वाचला पाहिजे. ज्या देशातल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव घेतले, त्या देशात गीतकारांच्या संस्थेच्या दारातही वर्णभेद उभा होता. हॅरी बर्ली आणि जेम्स वेल्डन जॉन्सन हे दोन कृष्णवर्णीय रचनाकार 'ॲस्कॅप'च्या आरंभीच्या सभासदांत होते; म्हणजे दार पूर्ण बंद नव्हते. दार अरुंद होते. सभासद व्हायचे तर छापील, प्रकाशित गाणी हवीत. ब्लूज गाणारा, शेतमजुरांच्या वस्तीतून आलेला, कानाने शिकलेला आणि तोंडाने रचणारा माणूस ही अट पुरी करणार कशी? जेली रोल मॉर्टन हा जॅझच्या आद्य रचनाकारांपैकी एक. त्याच्या रचना देशभर वाजत होत्या. त्याला संस्थेने सभासद करून घेतले ते १९३९ साली, आणि १९४१ मध्ये तो वारला. १९३९ मध्येच रेडिओ कंपन्यांनी 'ॲस्कॅप'च्या वाढत्या दरांना शह देण्यासाठी 'बीएमआय' ही दुसरी संस्था काढली. जुन्या संस्थेने दाराबाहेर ठेवलेले ब्लूजवाले आणि डोंगराळ भागातले गोरे गरीब गायक यांना तिने सभासद केले. रेडिओवाल्यांना दलितांचा कळवळा आला होता असे नाही. दोन भांडवलदारांच्या भांडणात तिसऱ्याला फट सापडली. इतिहासात असे घडते, आणि फट सापडली तर तिच्यातून आत जाण्यात कमीपणा नाही.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांचा १९११ चा कायदा इथे १९१४ मध्ये लागू झाला; स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, अंमल जानेवारी १९५८ पासून. या कायद्याने गाण्याचे दोन तुकडे केले: शब्द ही 'साहित्यकृती' आणि चाल ही 'संगीतकृती'. दोहोंना सार्वजनिक प्रयोगाचा हक्क दिला. पण संगीतकृतीची व्याख्या काय केली? स्वरांची अशी रचना की जी छापली आहे, लिहून काढली आहे किंवा अन्य प्रकारे आकृतीत उतरवली आहे. म्हणजे स्वरलेखन असेल तरच चाल ही चाल! ढोलकीच्या तालावर बांधलेली, हलगीच्या कडकडाटात जन्मलेली, एका तोंडातून दुसऱ्या कानात गेलेली चाल या व्याख्येत बसतच नव्हती. ही व्याख्या बदलली ती १९९४ च्या दुरुस्तीने, जी मे १९९५ पासून अमलात आली. स्वातंत्र्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे कागदावर न उतरलेल्या चालीला कायद्याच्या दृष्टीने धनी नव्हता. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर गिरवायची बंदी होती त्यांच्याकडे स्वरलिपी मागायची, यातली क्रूरता कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल. कायदा करणारे लक्षात न येण्याइतके दूर बसलेले असतात, एवढेच म्हणता येईल.

याचा परिणाम एकाच दिशेने झाला. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'नंतर तमाशापटांची लाट आली. लावणीच्या, गौळणीच्या, वगाच्या बोलीचे आणि ठेक्याचे चलन चित्रपटात सुरू झाले. फडात ज्या ढंगाला मालक नव्हता त्या ढंगातली चाल चित्रपटात गेली की तिला मालक मिळे, कारण तिथे करारपत्र होते. पुढे तीच चित्रपटातली चाल आपल्या शाहिराने भीमगीताला लावली की कायद्याने ती परक्याची. मोहल्ल्यातून चाल निघून बाजारात गेली तेव्हा ती लोकधन होती. बाजारातून परत मोहल्ल्यात आली तेव्हा ती मालमत्ता झाली.

चित्रपटातल्या गीतकाराचे तरी काय झाले? 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही भारतीय गीतकार-संगीतकारांची संस्था ऑगस्ट १९६९ मध्ये निघाली. तिने दरपत्रक जाहीर करताच चित्रपट निर्माते आणि सिनेमागृहांचे मालक विरोधाला उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ चा निकाल असा की मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचना केली असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या निकालाला एक छोटी पुरवणी जोडली आणि आपल्या कायद्यात गायकाला काहीच हक्क नाही याबद्दल खंत व्यक्त केली. गायकाचा, म्हणजे प्रयोग सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकाराला न्याय मिळायला २०१२ उजाडले. जावेद अख्तर त्या वेळी राज्यसभेत होते आणि त्यांनी हा प्रश्न तिथे लावून धरला. जून २०१२ पासून असे झाले की चित्रपटगृहात चित्रपट दाखवणे सोडून अन्य कोणत्याही मार्गाने गाणे वापरले गेले तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळालाच पाहिजे, आणि हा हक्क त्याने कुठल्याही करारात सोडून दिला तरी ते सोडणे व्यर्थ. हा शेवटचा भाग पुन्हा वाचण्यासारखा आहे. गरजवंत माणूस सही करतो, हे कायद्याने प्रथमच गृहीत धरले.

संस्थेची २०१७ मध्ये नव्या कायद्याखाली नोंदणी झाली. तेव्हापासून साधारणतः रकमेचा निम्मा भाग प्रकाशन कंपनीकडे, पाव गीतकाराकडे, पाव संगीतकाराकडे जातो. हॉटेल, सभागृह, तिकीट लावलेली मैफल, यांच्याकडून परवान्याचे शुल्क घ्यायचे. आयोजकाने गायलेल्या गाण्यांची यादी द्यायची. यादीप्रमाणे सभासदांना वाटप.

यादी आणि सभासद. काकांच्या गाण्यापाशी हे दोन शब्द आले की सगळे अडते.

समजा, एखाद्या शहरात मोठ्या सभागृहात तिकीट लावून भीमगीतांचा कार्यक्रम झाला आणि आयोजकाने रीतसर परवाना घेतला. गाणे काकांचे, चाल चित्रपटातली. चालीचा संगीतकार संस्थेचा सभासद, चालीची कंपनीही सभासद. त्यांचा वाटा त्यांना पोचेल. काकांचे नाव गायक तीनदा घोळवून म्हणेल. पण ते यादीत नाही, म्हणून काकांचा वाटा शून्य. बाबासाहेबांवरचे गाणे, आमच्या माणसाचे शब्द, आमच्या माणसाचा गळा, आणि पैसा जाईल तो ज्याने हे गाणे कधी ऐकलेसुद्धा नाही त्याच्याकडे. यात कुणी कायदा मोडलेला नाही. कायदा पाळूनच हे घडते.

आपल्या परंपरेत रचनाकाराने आपले नाव नोंदवायची जागा कोणती होती? शेवटचे कडवे. संतांनी अभंगात नाममुद्रा घातली, तंतकवींनी लावणीत घातली, आंबेडकरी शाहिरांनी भीमगीतात घातली. ज्याच्याकडे छापखाना नाही, नोंदणी कार्यालय नाही, त्याने आपली मालकी गाण्याच्या पोटातच शिवून टाकली. गाणे जाईल तिथे नाव जाईल. युक्ती अशी पक्की की शंभर वर्षांनीही पठ्ठे बापूरावांची लावणी कुणाची हे विचारावे लागत नाही. पण नाममुद्रेने कीर्ती राखली, पैसा राखला नाही. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णीपण सोडून महारामांगांच्या फडात आलेले बापूराव १९४५ साली पुण्यात वारले ते हलाखीत. त्यांच्या लावण्यांवर त्याही वेळी फड चालत होते. जात सोडता आली. तमाशाच्या अर्थव्यवस्थेतून सुटता आले नाही.

अण्णा भाऊंची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची लावणी लाखोंच्या सभेत गायली गेली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, दारिद्र्यात. गीतकारांना प्रयोगाचे पैसे मिळवून देणारी भारतातली संस्था पुढच्याच महिन्यात निघाली. महिनाभर आधी निघाली असती तरी अण्णा भाऊंच्या हाती काही पडले नसते, हे वरच्या इतिहासावरून कळेलच. तरी त्या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिताना हात थांबतो.

वामनदादा कर्डकांनी १९४३ पासून लिहायला सुरुवात केली आणि पुढची सहा दशके ते गावोगाव गात फिरले. आज असा मोहल्ला नाही की जिथे वामनदादांचे गाणे होत नाही. ते २००४ मध्ये वारले. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. अण्णा भाऊंच्या रचना २०३० च्या पहिल्या दिवशी सर्वांच्या होतील. बापूरावांच्या २००६ मध्येच झाल्या.

इथे आपल्यातलाच एखादा कार्यकर्ता उठून विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे: भीमगीताला भाव लावायचा? भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला तो पैशासाठी काय? त्यांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे १९७८ चे पुस्तक ज्याने वाचले आहे त्याला माहीत आहे की ती माणसे पदरमोड करून, पायी चालून, मार खाऊन गात होती. त्या गाण्याचा परवाना काढायचा म्हणजे चळवळीचे दुकान करायचे.

या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे, आणि गंमत अशी की तो कायद्यालाही मान्य आहे. हौशी मंडळाने फुकट श्रोत्यांसमोर केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कायद्याने सूट दिलेली आहे. धार्मिक विधी आणि सरकारी समारंभ यांतल्या गायनालाही सूट आहे. लग्नाच्या वरातीचा त्यात समावेश १९९४ मध्ये स्पष्टपणे केला गेला आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने नोटीस काढून तो पुन्हा सांगितला. वस्तीतल्या मुलांनी वर्गणी काढून केलेली जयंती, बुद्धविहारातली वंदना, यांना कुणी हात लावू शकत नाही आणि लावूही नये. हॅरी वॉल आपल्याला नको आहे. पण गायन पार्टी हौशी नाही, तिला बिदागी आहे. आणि मंचावरचा फलक वर्गणीतून आलेला नाही, त्याची किंमत कुणीतरी निवडणुकीत वसूल करणार आहे. तिथे गीतकाराने निःस्वार्थी असावे आणि बाकी सर्वांनी व्यवहारी असावे, ही वाटणी कुणी केली? त्यागाची अपेक्षा नेहमी ज्याच्याकडे आधीच काही नाही त्याच्याकडूनच का केली जाते?

आक्षेपाच्या उरलेल्या अर्ध्या भागाला उत्तर अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या एका गाण्यात आहे. 'वुई शॅल ओव्हरकम' हे जुन्या भक्तिगीतांच्या मुशीतून आलेले गाणे १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या सिगार कारखान्यातल्या संपकरी कामगार स्त्रियांनी गायले. तिथून ते हायलँडर या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात गेले आणि नागरी हक्कांच्या चळवळीचे गाणे झाले. १९६० च्या सुमारास, एखाद्या कंपनीने ते गिळू नये म्हणून, पीट सीगर वगैरे गायकांनी त्याचा कॉपीराइट नोंदवला. आणि येणारी रॉयल्टी एका निधीत टाकली, ज्यातून दक्षिणेकडील कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या सांस्कृतिक कामाला मदत दिली जात राहिली. पुढे २०१६ मध्ये या कॉपीराइटलाच आव्हान दिले गेले, गाणे लोकांचे आहे म्हणून, आणि २०१८ च्या तडजोडीत ते सर्वांसाठी खुले झाले. कॉपीराइट घेणाऱ्यांची नावे गोऱ्यांची होती हेही इथे विसरू नये. तरीही पन्नासाहून अधिक वर्षे एका चळवळीच्या गाण्याने चळवळीला पैसे मिळवून दिले. आपल्याकडे एखाद्या शाहिराच्या वारसांनी किंवा शाहिरांच्या मंडळाने असा निधी केला असता तर म्हाताऱ्या कलावंतांना मानधनाच्या सरकारी यादीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नसत्या.

कॅसेटच्या दिवसांविषयी थोडे सांगतो, कारण बहुतेक नुकसान तेव्हाचे आहे. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतांचा खप वाढला. शहरातून माणूस यायचा, वही चाळायचा, आठ गाणी निवडायचा, हातावर काही रक्कम ठेवायचा. कधी कागदावर अंगठा किंवा सही, बहुधा तेही नाही. कवीला वाटे, गाणे विकले. आता कायदा काय म्हणतो ते पाहा. हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीचे नसेल तर ते हस्तांतरच नव्हे. आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर केलेल्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. म्हणजे तोंडी गेलेली शेकडो गाणी आजही त्या कवींची, त्यांच्या मुलाबाळांची आहेत. कुणी मागायला गेलेले नाही, एवढेच.

काका १९९० च्या दशकात गेले. त्यांच्या तीन वह्या त्यांच्या मुलीने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे गीतकारांच्या संस्थेच्या सभासदत्वाचा अर्ज घेऊन आली. आम्ही दोघे दुपारभर बसलो. दीडशेच्या वर गाणी निघाली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर काकांनी स्वतःच्या अक्षरात 'चाल' असे लिहून पुढे चित्रपटाच्या गाण्याचे पहिले शब्द दिले होते, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव होते. अकरा गाण्यांवर मात्र 'चाल' या शब्दापुढे 'आईची' एवढेच लिहिलेले होते. तिने विचारले, "गुरुजी, संगीतकार म्हणून इथं कुणाचं नाव टाकायचं?" काकांची आई दळताना गात असे, हे मला मुलीनेच सांगितले. त्या बाईचे नाव तिला सांगता आले, आडनावासकट. मी ते अर्जाच्या रकान्यात अकरा वेळा लिहिले.